जर्मनीत बँक खातं उघडताना

आधी पत्ता, मग खातं. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची असते, तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. घरमालकाच्या सहीचं पत्र न्यायला विसरू नका. नोंदणीचा कागद बऱ्याच बँका मागतात.

उघडायचं ते 'गिरोकोंटो', म्हणजे पगार, भाडं, विमा सगळं ज्यातून फिरतं ते चालू खातं. मी श्पारकासेत, म्हणजे इथल्या स्थानिक बचत बँकेत गेले, कारण समोर बसून बोलणारं माणूस हवं होतं. दरमहा शुल्क कापतात, कापू देत! ऑनलाइन बँका स्वस्त पडतात, पण व्हिडिओवरच्या ओळख-पडताळणीत आपला पासपोर्ट चालतो का ते आधी बघा. नाहीतर पासपोर्ट घेऊन पोस्टात जायचं.

आता खरी मेख. टपालपेटीवर तुमचं आडनाव चिकटवा, आजच. इथे पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्या. नाव नसेल तर दोन्ही परत. कुणाच्या घरात खोली घेऊन राहत असाल तर त्यांच्या नावाखाली आपलं लावा, लाजू नका.

विद्यार्थ्यांनो, ब्लॉक्ड खात्यातले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले पैसे दरमहा याच गिरोकोंटोत येतात, तेव्हा आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मिळताच ब्लॉक्ड खातं जिथे आहे तिकडे कळवा.

बँकेने नकार दिला तर 'बाझिसकोंटो', म्हणजे मूलभूत सोयींचं साधं खातं मागा. २०१६ पासून तो कायद्याने हक्क आहे.

आणि हो, नोकरीसाठी आला असाल तर पुण्या-नाशिकचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्या.