बार्साकची तोडणी: बुरशी दिसली म्हणून लगेच कात्री लावू नका

सप्टेंबर सरत आला की बोर्डोच्या आग्नेयेला, गारोन नदीकाठच्या बार्साक गावात गोड व्हाइट वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू होते, कधी कधी ती पार नोव्हेंबरपर्यंत रेंगाळते. यंदा तिकडे वाइन शिकायला किंवा सीझनच्या कामाला कोणी जात असेल तर हे वाचून जा. आपल्याकडे घडावर राखाडी बुरशी दिसली की पोटात गोळा येतो, तिकडे बागेचा मालक तिचीच वाट बघत बसलेला असतो. बोट्रायटिस नावाची आपल्याकडचीच बुरशी ती, वेगळी कुठली जात नाही.

खेळ सगळा हवेचा. सिरों ही छोटी नदी जंगलाच्या सावलीतून येते म्हणून गार, गारोनचं पाणी त्यामानाने कोमट, दोन्ही बार्साकजवळच मिळतात आणि मग शरदात पहाटे दाट धुकं धरतं. धुक्यावर बुरशी वाढते, दुपारचं ऊन-वारा तिला आवरतात, सालीला बारीक छिद्रं पडून मण्यातलं पाणी उडतं आणि आत साखर, आम्ल घट्ट होत जातं. दुपारी ऊन पडलंच नाही तर मात्र निव्वळ सड, त्यामुळे अंदाज बघताना पावसाइतकंच दुपारच्या उन्हाकडे लक्ष ठेवा.

आता मेन गोष्ट. मणी आधी पिकलेला हवा, कच्च्यावर आलेली बुरशी काही कामाची नाही. सेमियों ही तिथली मुख्य द्राक्षाची जात, तिची साल पातळ, तिच्यावर बुरशी पटकन धरते. मणी तपकिरी-जांभळा झालाय पण अजून फुगीर आहे? थांबा. सुरकुतून मनुक्यासारखा झाला की मगच काढा. एकाच घडात हिरवे, तपकिरी, सुकलेले असे सगळे मणी असतात, म्हणून पूर्ण घड तोडायचा नाही, टोकदार छोट्या कात्रीने तयार भाग तेवढा घ्यायचा आणि त्याच ओळीत पुन्हा पुन्हा फिरायचं, चार-पाच फेऱ्या सहज होतात. व्हिनेगरसारखा वास आला, चिलटं घोंगावताना दिसली तर ती आंबट कूज, कापून खाली टाका, क्रेटमध्ये चुकूनही नको. डाउट असेल तर नाकावर भरोसा ठेवा, डोळे फसवतात. दव वाळल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि पाऊस झाला तर वाऱ्याने घड सुकेपर्यंत कळ काढा नाहीतर रस पातळ होतो.

उतारा बघून दचकू नका. नियमानेच हेक्टरी जास्तीत जास्त 2500 लिटर, आणि रसात लिटरला किमान 221 ग्रॅम साखर लागते. शेजारच्या सोतेर्नमधल्या शातो दिकेम या नावाजलेल्या वाइनरीने 2012 साली माल मनासारखा नाही म्हणून त्या वर्षीची गोड वाइनच काढली नाही! बाटली महाग का, ते फेऱ्यांची मजुरी जोडली की कळतं. द्राक्षं दाबून रस काढताना घाई नको, शेवटच्या दाबाचा रस बऱ्याचदा सगळ्यात गोड निघतो.

आणि नाशिकवाल्यांनो, हे वाचून प्रयोग सुरू करू नका. आपली तोडणी उन्हाळ्याच्या तोंडावर, तेव्हा रोज पहाटे धुकं आणि दुपारी ऊन अशी साखळी मिळत नाही. अवकाळीनंतर घडात आलेली बुरशी म्हणजे कूजच धरा, असा माल लगेच वेगळा काढा. गोड वाइनच करायची तर वाइनरीशी आधी बोलून निरोगी घड वेलीवर उशिरापर्यंत ठेवता येतील का ते विचारा, खाण्याच्या द्राक्षात तर हा विषयच नको.