कुत्र्याला घेऊन जानापाव-पातालपाणीला निघालात? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उशिरा निघणं. आपलं इंदुरी वेळापत्रक ठरलेलं: आधी छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे-जलेबी, मग चहा, मग फोटो, आणि दहा वाजता गाडी इंदूरजवळच्या महूच्या रस्त्याला. माणसाचं भागतं, कुत्र्याचं नाही. त्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर तेही धड जमत नाही.

आमच्या गल्लीतला एक पोरगा मार्चअखेरीस आपला पग घेऊन आमच्यासोबत जानापावला आला. चंबळ जिथून उगम पावते तीच ही टेकडी. वर मंदिरापर्यंत गाडी जाते, पण याला "ट्रेक"च करायचा होता. निघायला त्यानेच उशीर केला होता, आणि अर्ध्या वाटेत काळा दगड तापलेला. पग झुडपाच्या सावलीत बसला. याने ओढला. चार पावलांवर पुन्हा बसला. "नखरे करतोय भिया," म्हणत पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा बसला तेव्हा तोंडाला चिकट फेस होता, हिरड्या गडद लाल, मागचे पाय लटपटत होते. पोरगा बाटली त्याच्या तोंडात ओतायला निघाला, ती मी काढून घेतली. धाप लागलेल्या जनावराच्या घशात पाणी कोंबलं तर ते फुफ्फुसात जातं. ते पाणी पोटावर, काखेत, जांघेत आणि पंजांवर ओतलं, टोपीने वारा घातला, उचलून खाली आणलं आणि एसी लावून थेट महूच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे ताप निघाला 106 फॅरनहाइट. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 असतं. वाचला, पण सलाइनवर राहिला.

माझी सवय सांगतो. मार्च ते जून मी उजाडायच्या आत निघतो आणि आठला परत फिरतो, टेकडी अर्धी राहिली तरी. दगडावर हाताची मागची बाजू टेकवून सात आकडे मोजायचे. हात काढावासा वाटला तर कुत्र्याचे पंजेही तिथे नकोत. आणि तो बसला की बसू द्यायचं.

दुसरी चूक: मोकळं रान दिसलं की पट्टा सोडणं. "आमचा हाक मारली की येतो" हे मी फार ऐकलंय. घरात येतो, हो. समोर वानर किंवा शेळ्यांचा कळप आला की तुमची हाक कोण ऐकतं? तिंछा आणि पातालपाणी या धबधब्यांचे कडे सरळ खाली उतरतात, पावसाळ्यात कडेचा दगड शेवाळलेला असतो. वर कुठे पाऊस झाला की पाणी अचानक चढतं. 2011च्या जुलैत पातालपाणीला एकाच कुटुंबातली माणसं अशाच लोंढ्यात सापडली. धारेजवळ कुत्रा नेऊच नका. महू-चोरलच्या जंगलात बिबट्या आहे आणि कुत्रा त्याचं आवडतं भक्ष्य आहे, म्हणून संध्याकाळी तिकडे थांबायचं नाही. बटण दाबलं की लांब होणारे ते फॅशनेबल पट्टे घरीच ठेवा. मी दीड मीटरचा जाड सुती पट्टा आणि छातीचा हार्नेस वापरतो. गळपट्टा मान मागे घेतली की निसटतो.

रालामंडलच्या फाटकावर कुत्रा घेऊन वाद घालणारे दर हिवाळ्यात दिसतात. होळकरांचं शिकारगाह होतं ते, 1989 पासून अभयारण्य आहे. पाळीव कुत्रा आत जात नाही. सिरपूर तलावही 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, तिथे पाणपक्ष्यांच्या मागे कुत्रा सोडणं म्हणजे निव्वळ बेशिस्त. शहरातल्या बागेतही आधी चौकीदाराला विचारा. घाण उचलायची पिशवी खिशात हवीच. स्वच्छ शहराचा अभिमान फक्त फलकावर नको.

पोहे कुत्र्याला देऊ नका. त्यातला कांदा, कच्चा असो की शिजलेला, त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो.

पावसाळ्यात काळी माती बोटांमध्ये गोळे होऊन बसते, ती ओढून काढू नका, पाण्याने भिजवून सोडवा. दिवाळीच्या सुमारास वाळलेल्या गवताची कुसळं त्याच जागी शिरतात आणि आत आत जात राहतात; पंजा सतत चाटत असेल तर बोटं फाकवून बघा.

गोचीड कानामागे, काखेत आणि शेपटीखाली शोधायचे, घरी पोचल्यावर नाही, गाडीत बसायच्या आधी. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्रा सुस्त झाला, जेवण टाकलं, तर रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरला सांगा की रानात नेला होता.