रुय लोपेझमधल्या जुन्या ‘डी६’ला बेकार ठरवण्याआधी या चुका टाळा

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट बी५ डी६. उंट बी५पर्यंतची ही सुरुवात म्हणजे रुय लोपेझ, आणि तिला काळ्याने डी६ने दिलेलं उत्तर म्हणजे स्टाइनिट्झ बचाव. क्लासमध्ये पटावर मांडला की निम्मी पोट्टी नाक मुरडतात. "सर, हे आता कोण खेळते?" पहिला अधिकृत विश्वविजेता विल्हेल्म स्टाइनिट्झची ही आवडती चाल होती. त्याच्यानंतरचे विश्वविजेते लास्कर आणि कापाब्लांकाही ती खेळले. पहिल्या महायुद्धानंतर ती मागे पडली, कारण हिच्यात काळ्याची जागा आखडते आणि लोकांना जास्त मोकळे पर्याय सापडत गेले. इथपर्यंत सगळं खरं आहे. पण मागे पडलेली चाल म्हणजे चुकीची चाल, असा हिशोब मुलं आणि त्यांचे पालक करतात तेव्हा मला राहवत नाही. नागपुरात इतकी वर्षं शिकवताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून जीव विटलाय, म्हणून हे लिहितोय. उदाहरण डी६चं घेतलंय, पण फिलिडोर असो की फॅशनबाहेर गेलेला दुसरा कुठलाही बचाव, चुका याच असतात.

इंजिनचा आकडा वाचून निकाल देणं

"सर, इंजिन तर पांढऱ्याला प्लस दाखवून राहिलं न, मग कशाला खेळायचं?" इंजिन म्हणजे चाली मोजणारा बुद्धिबळाचा संगणक प्रोग्राम. असं म्हणणाऱ्या मुलाला मी एकच प्रश्न विचारतो: तो प्लस कशामुळे आहे? पांढऱ्याची कोणती चाल, कोणता मोहरा, कोणतं घर? उत्तर येत नाही. आकडा पाठ असतो, कारण माहीत नसतं.

समजा इंजिनने +०.७ दाखवलं. त्याचा अर्थ एवढाच, की दोन्ही बाजूंनी उत्तम चाली झाल्या तर पांढऱ्याची बाजू साधारण पाऊण प्याद्याइतकी बरी आहे. पंधराशे रेटिंगच्या प्रतिस्पर्ध्याला त्या उत्तम चाली सापडतील का, हे त्या आकड्यात नसतं. काळ्याला आपल्या चाली शोधायला सोप्या आहेत की अवघड, हेही नसतं. वर घाई अशी, की इंजिन सुरू करून दोन सेकंदांत मोबाईल खिशात. इंजिन खोलवर जाईपर्यंत आकडा वरखाली होत असतो, तेवढी वाट बघायचीही तयारी नाही.

माझी सवय सांगतो. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. लाकडी पटावर स्थिती मांडायची आणि वहीत तीन गोष्टी लिहायच्या: माझा कोणता मोहरा अडकलाय, मोकळं व्हायला मला कोणतं प्यादं पुढे ढकलायचंय, आणि कोणती मारामारी झाली तर माझं भलं होईल. डी६च्या बाबतीत माझ्या वहीतली उत्तरं अशी: एफ८चा उंट अडकलाय, कारण त्याची वाट डी६च्या प्याद्याने अडवली आणि आता त्याला ई७वर निमूट बसावं लागतं. जमेल तेव्हा डी५ ढकलायचंय. आणि जागा कमी आहे म्हणून एकदोन मोहऱ्यांची अदलाबदल मला हवीच आहे. एवढं लिहून झालं की मगच इंजिन, आणि तेही फक्त एखादा डावपेच नजरेतून सुटला का ते तपासायला. हे काम तासाभराचं आहे. तासभर बसायची तयारी नसेल तर त्या चालीबद्दल मत देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या पाच चाली माहीत नसताना चालीला दोष देणं

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर.

मे महिन्याच्या सुट्टीतली, शहरातलीच एक स्पर्धा. हॉलमध्ये कूलरचा आवाज, बाहेर डांबर वितळवणारं ऊन. माझा एक विद्यार्थी, तेरा वर्षांखालील गटात, काळी मोहरी. समोर एक शांत मुलगी. डाव असा गेला: ३. उंट बी५ डी६ ४. डी४ उंट डी७ ५. घोडा सी३ घोडा एफ६ ६. पांढऱ्याचं कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड नेणं), उंट ई७ ७. हत्ती ई१. इथपर्यंत दोघांचं सगळं बरोबर. माझ्या पोट्ट्याच्या घड्याळातली वेळ जवळपास तशीच शिल्लक होती. त्याने हत्ती ई१वर आलेला बघितला असेल, पण तो का आला याचा विचार केला नाही. हात उचलला, कॅसलिंग केलं, घड्याळ दाबलं. मी दोरीच्या बाहेर उभा. बोलायची सोय नाही.

ती मुलगी बराच वेळ विचार करत बसली आणि मग तिने सी६वरचा घोडा मारला. पुढचं सगळं जुनं आणि प्रसिद्ध आहे: ८. उंटाने सी६ मारलं, काळ्याने उंटाने परत मारलं. ९. डी४च्या प्याद्याने ई५ मारलं, काळ्याने डी६च्या प्याद्याने मारलं. १०. डी८वर वजिरांची अदलाबदल, तिथे काळ्याचा हत्ती आला. ११. घोड्याने ई५चं प्यादं घेतलं. काळ्याला वाटतं, ठीक आहे, मी ई४चं घेतो, हिशोब सारखा. ११... उंटाने ई४ १२. घोड्याने उंट मारला, काळ्याच्या घोड्याने तो घोडा मारला. आणि आता १३. घोडा डी३! हत्तीने घाईघाईत ई४चा घोडा मारला असता तर काळ्याचा हत्ती डी१वर येऊन मागच्या ओळीत मात बसली असती. घोडा डी३वर आला की ती वाटच बंद होते. काळ्याचा ई४चा घोडा आता पांढऱ्याच्या हत्तीसमोर उभा आहे, त्याच्यामागे ई७वर उंट, आणि त्या उंटाला कोणाचा आधार नाही. पोट्ट्याने पाच मिनिटं डोकं धरून काढली आणि मग घोडा हलवला. उंट गेला.

हा सापळा जर्मन उस्ताद टाराशच्या नावाने ओळखतात. त्याने हे विश्लेषण आधी छापलं होतं, आणि तरीही १८९२ साली ड्रेस्डेनला गेओर्ग मार्को त्याच्याविरुद्ध त्याच कॅसलिंगने त्यात अडकला. अठराव्या चालीनंतर मार्कोने डाव सोडला.

डाव संपल्यावर मुलाचे वडील माझ्याकडे आले. "सर, हे ओपनिंगच बेकार आहे. याला सिसिलियन देऊन टाका." मी म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. पण त्या रात्री मुलाने मोबाईलवर सिसिलियनचा एक व्हिडिओ बघितला, दुसऱ्या दिवशी सकाळी तेच खेळला, आणि पंधराव्या चालीपर्यंत त्याचा राजा मधोमध उघडा पडला होता. आदल्या दिवशी निदान बारा चाली तो सुखरूप होता.

दोष तिसऱ्या चालीचा नव्हता, सातव्या चालीचा होता. हत्ती ई१ने काय बदललं ते बघा. ई४च्या प्याद्याला जास्तीचा आधार मिळाला, त्यामुळे सी६ मारून मग ई५ जिंकायची धमकी खरी झाली. म्हणून तिथे कॅसलिंगच्या आधी ७... ई५च्या प्याद्याने डी४ मारायचं. ८. पांढऱ्याने घोड्याने परत मारलं की मग खुशाल कॅसलिंग. मधली जागा पांढऱ्याला दिली जाते, हे मान्य. त्या बदल्यात काळ्याची योजना सरळ आहे: हत्ती ई८, उंट एफ८, गरज पडली तर जी६ आणि उंट जी७, आणि ई४च्या प्याद्यावर चारही बाजूंनी डोळा. संधी मिळाली की घोड्यांची किंवा बी५च्या उंटाची अदलाबदल.

असं झालं की मी मुलाला ओपनिंग बदलू देत नाही. आठवडाभर फक्त ती एक स्थिती, सातव्या चालीची. प्रत्येक चालीआधी हात मांडीखाली, आणि मोठ्याने बोलायचं: "पांढऱ्याची शेवटची चाल काय करते?" कंटाळतात, पालक कुरकुर करतात, "सर, पुढे कधी जाणार?" म्हणतात. मी पुढे जात नाही.

क्रम बदलला की चाल बदलते, हे न बघणं

हीच चाल आधी ए६ घालून खेळली तर गोष्ट वेगळी होते. ३... ए६ ४. उंट ए४ डी६. नुसत्या डी६नंतर पांढऱ्याला ४. डी४ लगेच चालतं. कारण डी७चं प्यादं हललं की सी६चा घोडा राजासमोर खिळतो, आणि सी६ मारून, ई५ मारून, वजीर बदलून प्यादं उचलायची धमकी तयार होते. त्याआधी तो घोडा खिळलेला नसतो. मुलं उंट बी५ बघितला की लगेच "पिन" म्हणतात, पण डी७वर प्यादं उभं आहे हे बघत नाहीत.

ए६ झाल्यावर मात्र ५. डी४ला ५... बी५ हे उत्तर हातात असतं. ६. उंट बी३, मग घोड्याने डी४ मारलं, पांढऱ्याने घोड्याने परत मारलं, ई५च्या प्याद्याने तो घोडा घेतला. आता पांढऱ्याने ८. वजिराने डी४ मारलं की ८... सी५. ९. वजीर डी५ उंट ई६ १०. वजीर सी६ शह, उंट डी७ ११. वजीर डी५ सी४, आणि बी३चा उंट प्याद्यांच्या मधे कोंडला जातो. १९२९ साली बुडापेस्टला एंद्रे स्टाइनरविरुद्ध कापाब्लांकाने हेच केलं. म्हणून ए६ झालं असेल तर समजूतदार पांढरा आधी सी३ किंवा कॅसलिंग करतो. एका प्याद्याच्या एका घराने एवढा फरक पडतो. तरीही दोन्हींना "तेच ते डी६" म्हणून एकत्र झटकणारे लोक मला दर स्पर्धेत भेटतात, आणि त्यांत स्वतःला प्रशिक्षक म्हणवणारेही असतात.

थोडक्यात आवरता येतील अशा काही चुका

ऑनलाइन डेटाबेसमधली टक्केवारी बघताना आपल्या रेटिंगचा गट निवडा. उस्तादांच्या डावांची टक्केवारी तुमच्या रविवारच्या स्पर्धेला लागू नाही.

बुलेटमध्ये, म्हणजे एकदोन मिनिटांच्या झटपट डावांत, चार डाव हरलात म्हणून बचाव वाईट ठरत नाही. बुलेटवरून कुठल्याच चालीचं मोल ठरवू नका.

फक्त समोरच्याला चकवायचं म्हणून जुनी चाल खेळू नका. चकित झालेला माणूस पाच मिनिटं विचार करतो, आणि मग खेळ तुम्हालाच येत नसतो.

एकाच हरलेल्या डावावरून अख्खा बचाव बाद करू नका. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरात मॉर्फीने जिंकलेला डाव सगळ्यांना पाठ आहे, आणि म्हणून फिलिडोर वाईट असं सगळे म्हणतात. त्या डावात खरी चूक तिसऱ्या चालीच्या उंट जी४ची होती, दुसऱ्या चालीच्या डी६ची नव्हती.

आणि पालकांसाठी एक. दिव्या देशमुखने २०२५ साली बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता आपल्याच शहरातले ग्रँडमास्टर आहेत, याचा मलाही फार अभिमान आहे. पण "ते जे खेळतात तेच माझ्या मुलाला शिकवा" हा आग्रह सोडा. त्यांच्या एका ओपनिंगमागे वर्षानुवर्षांची बैठक आहे. तुमचा मुलगा आठवड्यातून दोनदा क्लासला येतो.

फॅशनला पुरावा समजणं

२००० साली लंडनला क्रामनिकने कास्पारोव्हविरुद्ध बर्लिन बचाव काढला. रुय लोपेझमध्येच, तिसऱ्या चालीला घोडा एफ६. त्यातल्या मुख्य फाट्यात आठव्या चालीपर्यंत वजीर जातात, काळ्याचा राजा डी८वर येऊन कॅसलिंग गमावतो आणि सी ओळीत प्यादी एकावर एक येतात. कुठल्याही नवशिक्याला ते वाईटच दिसेल. कास्पारोव्हला त्या अख्ख्या लढतीत एकही डाव जिंकता आला नाही. क्रामनिक ८.५–६.५ने विश्वविजेता झाला, आणि त्यानंतर बर्लिन सगळीकडे दिसू लागला. चाल तीच होती, तिच्याकडे बारकाईने बघणारा माणूस नवा होता.

म्हणून डी६ सगळ्यांनी खेळावं असं मी म्हणत नाही. स्टाइनिट्झ बचाव खरंच आखडलेला आहे. ज्याला काळ्या मोहऱ्यांनी वीस चालींत जिंकायचंय, ज्याचा हात दर चालीला पुढचं प्यादं ढकलायला शिवशिवतो, त्याला मी तो देत नाही. जो मुलगा जागा कमी असतानाही शांत बसतो, मोहरा मागे घेऊन पुन्हा लावायला लाजत नाही, त्याला देतो.

स्पर्धेत खेळू देण्याआधी माझी एकच परीक्षा असते. आठव्या चालीच्या कॅसलिंगनंतरची स्थिती मांडायची, घड्याळावर प्रत्येकी पंधरा मिनिटं लावायची, आणि मुलाला तीच स्थिती एकदा काळ्याने, एकदा पांढऱ्याने खेळायला लावायची. पांढऱ्याने खेळताना आपली जास्तीची जागा कशी वापरायची हे त्याला शोधता आलं, आणि काळ्याने खेळताना मी काही न बोलता त्याने हत्ती ई८वर आणून उंट एफ८वर मागे घेतला, की मी त्याच्या वहीत डी६समोर बरोबरची खूण करतो. नाही जमलं, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच स्थिती.