हाडाच्या गाठीतील कोलॅजेनचे प्रकार कसे ओळखावेत

सांगली-मिरजेच्या प्रयोगशाळांत काम शिकणाऱ्या पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी कोलॅजेन (ऊतींना आधार देणारे तंतुमय प्रथिन) तपासण्यापूर्वी रुग्णाचा एक्स-रे समोर ठेवावा, कारण गाठ हाडात नेमकी कुठे आहे हे ठाऊक नसताना केवळ स्लाइडवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

नमुना १० टक्के फॉर्मेलिनमध्ये नीट स्थिर झाल्यावर त्यातील कॅल्शियम ईडीटीए या कॅल्शियम बांधून घेणाऱ्या रसायनाने काढावे. तीव्र आम्लाने काम लवकर उरकते, परंतु त्यामुळे पुढची प्रतिपिंडांची (ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूंची) चाचणी बिघडू शकते. म्हणून येथे घाई करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगातील पेशी स्वतः ऑस्टिऑइड, म्हणजे कॅल्शियम न साचलेले कच्चे हाड, तयार करतात आणि त्यात प्रामुख्याने कोलॅजेनचा प्रकार १ असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो गुलाबी, एकजिनसी आणि पेशींभोवती जाळीसारखा पसरलेला दिसतो. कॉन्ड्रोसार्कोमाच्या (कूर्चा तयार करणाऱ्या कर्करोगाच्या) निळसर कूर्चेत प्रकार २ आढळतो. मात्र ऑस्टिओसार्कोमाच्या कूर्चाबहुल रूपातही प्रकार २ सापडतो. त्यामुळे केवळ त्याच्या आधारे ऑस्टिओसार्कोमा नाकारू नये आणि घातक पेशींनी बनवलेले ऑस्टिऑइड कुठे दडले आहे का, हे सगळ्या तुकड्यांत शोधावे. रक्तवाहिन्यांच्या आधारपटलात प्रकार ४ असतो.

पिक्रोसिरियस रेड या कोलॅजेन रंगवणाऱ्या द्रव्याने रंगवलेली स्लाइड ध्रुवीकृत प्रकाशात पाहिल्यास जाड तंतू लालसर-पिवळे व बारीक तंतू हिरवट दिसतात. हिरवा म्हणजे प्रकार ३, असे सरधोपट समीकरण मांडू नये. रंग तंतूंच्या जाडीवर व मांडणीवर अवलंबून असतो. खात्री करायची असल्यास त्या-त्या प्रकाराची प्रतिपिंडे वापरावीत आणि तुलनेसाठी निरोगी हाड व कूर्चा सोबत रंगवावी.