वाळवणाच्या उद्योगासाठी हातयंत्रे निवडताना

पापड, कुरडया, शेवया विकायला काढणाऱ्या बचत गटांनी यंत्रांच्या दुकानात जाण्याआधी आपल्या कामातला सर्वांत संथ टप्पा कोणता, हे घड्याळ लावून पाहावे. उडदाच्या पापडात पुष्कळदा लाटण्यापेक्षा पीठ कुटून मऊ करण्यात आणि पापड सुकवण्यात अधिक वेळ जातो; अशा गटाने दाबाचे यंत्र आणले, तर पापड भराभर होतात, पण ते पसरायला जागा उरत नाही. तिथे पहिला पैसा सुकवणीच्या उंच माच्यांवर आणि धूळ-माशी रोखणाऱ्या जाळीवर खर्च करावा.

यंत्र घ्यायचेच ठरले, तर धातू पिठाप्रमाणे निवडावा, आणि माझ्या मते किमतीपेक्षाही हे महत्त्वाचे आहे. पापडाच्या पिठात मीठ आणि पापडखार असतो. मिठाने साधे लोखंड गंजते आणि खाराने ॲल्युमिनियम झिजते. कुरडईचा चीक भिजवलेल्या गव्हाचा, आंबूस असतो, म्हणून बिनकल्हईचा पितळी सोऱ्या त्यासाठी टाळावा. पिठाला लागणारा प्रत्येक भाग ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा असावा. बाहेरचा सांगाडा रंगवलेल्या लोखंडाचा चालतो, मात्र त्याचा रंग पोपडे धरून पिठात पडणार नाही, इतपत तो दूर हवा.

दुकानदाराच्या मऊ पिठावर यंत्र पारखू नये. घरून आपल्याच प्रमाणात घट्ट मळलेला गोळा न्यावा आणि जी बाई रोज काम करणार आहे, तिनेच किमान अर्धा तास दांडा फिरवावा. खांदा भरून येतो का, टेबल सरकते का, शेवयांची जाळी तुंबल्यास अवजारांविना निघते का, हे तेवढ्या वेळात कळते. सुट्ट्या जाळ्या जवळच्या बाजारात मिळतात का, तेही विचारावे.

रोजचे काम संपताच भाग सुटे करून धुवावेत व पूर्ण कोरडे करावेत. स्क्रूला साधे ग्रीस लावू नये; खाद्ययंत्रांसाठीचे वंगण वापरावे.

पैशांसाठी, २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत बचत गटाच्या प्रत्येक सदस्याला खेळते भांडवल आणि छोटी अवजारे यांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद करण्यात आली. तिची सद्यस्थिती ‘उमेद’च्या, म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कक्षात विचारावी, आणि जाताना यंत्राचे दरपत्रक सोबत न्यावे.