लॅपटॉप चार्ज होत नाहीये आणि वॉरंटी पण संपलीये? मग आधी एवढं तपासा

चार्जिंग बंद पडलं की सगळ्यांच्या डोक्यात पहिलं मदरबोर्डच येतं, पण बऱ्याचदा लोचा अॅडॉप्टरमध्ये, केबलमध्ये नाहीतर एखाद्या सेटिंगमध्ये असतो. म्हणून फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी, खोलाखोली शेवटी.

एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवा, थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. अॅडॉप्टरच्या डबीत जी वायर खोचतो ना, ती सैल झालेली असते आणि कुणाचं लक्षच जात नाही.

चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवरच अडकतंय? मग बहुतेक बिघाड नाहीचे, कंपनीच्या अॅपमध्ये बॅटरी वाचवणारा मोड ऑन असेल.

नसेल तर शटडाऊन करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर ती पण काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, आणि मग नुसत्या चार्जरवर चालू करा. बॅटरीशिवाय नीट चालला तर संशय बॅटरीवर.

आता अॅडॉप्टर, इथे घाई करू नका. त्यावरचं स्टिकर वाचा, समजा १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर लिहिलंय, म्हणजे ६५ वॉट. दुसऱ्याचा लावून बघायचा तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. ४५ वॉटचा लावला तर लॅपटॉप चालू राहील पण बॅटरी भरेलच असं नाही. काही मॉडेल्सच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यावरून लॅपटॉप चार्जर ओळखतो, ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चालतो पण चार्ज होत नाही. टाइप-सी असेल तर केबल पण बदलून बघा, साधी केबल ६० वॉटच्या पुढे जात नाही. पोर्टमध्ये कचरा दिसला तर लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढा, सुई-टाचणी अजिबात नको.

बॅटरीची तब्येत बघायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात डिझाइन कपॅसिटी (बॅटरी नवी असतानाची क्षमता) ४१,००० आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावरची) १४,००० अशी दिसली तर बॅटरी दमलीये, बदला.

टचपॅड वर आलाय किंवा खालचं कव्हर फुगलंय असं दिसलं तर वरचं सगळं राहू द्या, चार्जर लगेच काढा, बॅटरी दाबू नका, टोचू नका, सरळ जाणकाराकडे न्या.

पिन हलवली की लाइट लागतो-जातो, असं होत असेल तर बहुतेक जॅक, म्हणजे लॅपटॉपला पिन खोचायची जागा, गेलाय. बऱ्याच मॉडेल्समध्ये तो छोट्या वायरसकट वेगळा मिळतो, बोर्डाला हात न लावता बदलता येतो. आणि तरीही कुणी 'बोर्डच बदला' म्हणालं, तर जॅकवर किती व्होल्ट येतायत ते मीटर लावून दाखवा म्हणून सांगा, दाखवत नसेल तर दुसरीकडे न्या.