कोलोराडोला जाताय? मैलांआधी उंची मोजा, या चुका टाळा

डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर. म्हणजे डेन्व्हरला उतरलात की जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरच पोचलात, आणि सहल तिथून पुढे वर चढत जाते. आखणी करताना आपण मैल बघतो, तास बघतो, उंची बघत नाही. बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

पहिल्याच दिवशी वर जाणं

डेन्व्हरहून दोनेक तासांत एस्टेस पार्क (७,५२२ फूट) येतं. तिथून रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधला ट्रेल रिज रोड थेट १२,१८३ फुटांवर नेतो. या उंचीवर दर श्वासाला समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. मुंबईहून किंवा न्यू जर्सीहून आलेला माणूस लगेच तिथे गेला, की डोकं ठणकतं, मळमळतं, रात्री झोप लागत नाही. गाडी लागली असेल नाहीतर जेट लॅग असेल असं समजून लोक गोळी घेतात आणि आणखी वर जातात. ही सगळ्यांत महागात पडणारी चूक.

पहिली रात्र डेन्व्हर किंवा बोल्डरला काढा, दुसरी एस्टेस पार्कला, आणि माथा तिसऱ्या दिवशी. पाणी भरपूर प्या, पहिले दोन दिवस मद्य टाळा. त्रास सुरू झालाच तर पुढे चढू नका; दोन-तीन हजार फूट खाली आलं की सहसा काही तासांत बरं वाटू लागतं. बसल्या जागी धाप लागत असेल, तोल जात असेल किंवा बोलण्यात गोंधळ होत असेल, तर ताबडतोब खाली उतरायला लागा आणि ९११ला फोन करा. भारतातून आई-बाबा येणार असतील आणि त्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. उंचीच्या त्रासावरची अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळीही त्यांच्याच सल्ल्याने, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगून.

आरक्षण एक, तिकीट वेगळं

अलीकडच्या वर्षांत मेअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रॉकी माउंटन नॅशनल पार्कात ठरावीक वेळेचं आरक्षण लागतं. ते दोन प्रकारचं असतं: बेअर लेक रोडसह (पार्कमधल्या तळ्याकडे जाणारा रस्ता) आणि त्याशिवाय. दुसरा प्रकार घेऊन बेअर लेकच्या फाट्यावर गेलात तर परत फिरवतात. रेक्रिएशन डॉट गव्हवर आधीच्या महिन्याच्या १ तारखेला तिथल्या सकाळी ८ वाजता, म्हणजे भारतात संध्याकाळी साडेसातला, आरक्षण खुलं होतं. हुकलं तर आदल्या दिवशी संध्याकाळी ७ वाजता उरलेली आरक्षणं सोडतात. त्या वर्षीच्या तारखा तेवढ्या पार्कच्या संकेतस्थळावर पडताळून घ्या. प्रवेशशुल्क वेगळं भरायचं. २०२६पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जास्त पडतात. आई-बाबांच्या खर्चात ते धरा.

दुपारी माथ्यावर असणं

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ लख्ख असते आणि दुपारी विजांसह पाऊस येतो. साधारण ११,००० फुटांच्या वर झाडं संपतात, आडोसा उरत नाही, तिथे सर्वांत उंच तुम्हीच असता. पहाटे पाचला चालायला लागा, बारापर्यंत झाडीत परत या.

ब्रेकवर घाट उतरणं

ज्या गिअरवर घाट चढतो त्याच गिअरवर उतरायचं, हे आपल्याला पाठ असतं. भाड्याची ऑटोमॅटिक गाडी हातात आली की मात्र सारखा ब्रेक दाबला जातो. गिअर एल (म्हणजे लो) किंवा मॅन्युअलवर दोनवर टाका. ब्रेक अधूनमधून, ठामपणे दाबा आणि सोडा. जळका वास आला तर बाजूला थांबून अर्धा तास चाकं थंड होऊ द्या. पाइक्स पीक या उंच शिखराच्या उतारावर तर रेंजर गाड्या थांबवून ब्रेकचं तापमान मोजतात.

महिना चुकणं

ट्रेल रिज रोड साधारण मेअखेरीस उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतो. अ‍ॅस्पेनकडे जाणारी इंडिपेंडन्स पास ही १२,०९५ फुटांवरची खिंडही हिवाळाभर बंद असते, तेव्हा ग्लेनवूड स्प्रिंग्जवरून वळसा घ्यावा लागतो. १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात आय-७० महामार्गाच्या डोंगराळ टप्प्यावर बर्फात चालणारे टायर किंवा साखळ्यांचा नियम असतो. भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच टायर बघा.

वरण शिजत नाही

एस्टेस पार्कला पाणी ९२ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाणा बोटाला कचकचतो. सपाट बुडाचा दोन-तीन लिटरचा कुकर सामानात टाका, कारण तिथल्या बऱ्याच शेगड्या विजेच्या असतात. भारतातली इंडक्शन शेगडी नेऊ नका, तिथे वीज १२० व्होल्टची. डाळ आधी तासभर भिजवा, आणि घरी लावता त्यापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त होऊ द्या.